टाकून दिलेले मूळ

गच्चीवर उभे राहून कुणीतरी एक चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटताना तो जमिनीपासून १४.७ मीटर उंचीवर होता आणि त्याचा वेग सेकंदाला ९.८ मीटर होता. तो जमिनीवर केव्हा आदळेल? उंचीला ‘उ’ म्हणू, चेंडू सुटल्यापासून गेलेल्या सेकंदांना ‘क’ म्हणू. हवेचा विरोध सध्या बाजूला ठेवला, तर समीकरण असे होते:

उ = १४.७ + ९.८क − ४.९क²

जमिनीवर उंची शून्य, म्हणून डावीकडे शून्य मांडायचे, ४.९ने भागायचे आणि अवयव पाडायचे. क² − २क − ३ = ० याचे अवयव (क − ३) आणि (क + १). मुळे दोन निघतात, ३ आणि −१. पुढची ओळ विद्यार्थ्यांच्या हाताला इतकी सवयीची झालेली असते की ती आपोआपच कागदावर उतरते: ‘वेळ ऋण असू शकत नाही, म्हणून क = −१ हे मूळ त्याज्य.’ उत्तर ३ सेकंद. पूर्ण गुण मिळतात.

उत्तर बरोबर आहे, पण दिलेले कारण चुकीचे आहे. वेळ ऋण असू शकते. श्रीहरिकोट्याला अग्निबाण सुटण्याआधी जी उलटी मोजणी चालते, ती ऋण वेळेचीच असते. घड्याळ शून्यावर आपण आणले, चेंडू हातातून सुटला त्या क्षणी. त्याच्या एक सेकंद आधीही जग होते. मग समीकरणाने आपणहून पुढे केलेला तो −१ कशाविषयी बोलतो आहे? वर्गसमीकरण सोडवायला आपण मुलांना नीट शिकवतो, पण ते वाचायला फारसे शिकवत नाही, आणि हा −१ न वाचताच खोडला जातो याची मला मनापासून हळहळ वाटते.

वाचायला सुरुवात पदांपासून करू. १४.७ म्हणजे चेंडू कुठून निघाला. ९.८क म्हणजे गुरुत्वाकर्षण नसते, तर तेवढ्या वेळात तो आणखी किती वर गेला असता. आणि ४.९क² म्हणजे त्या कल्पित उंचीपासून तो किती खाली पडला. एका सेकंदानंतर गुरुत्वाकर्षणाविना तो २४.५ मीटरवर असता. तेवढ्यात तो ४.९ मीटर पडलेला आहे, म्हणून प्रत्यक्षात १९.६ मीटरवर आहे. दोन सेकंदांनी ३४.३मधून १९.६ वजा, उरले १४.७. तीन सेकंदांनी ४४.१मधून ४४.१ वजा, म्हणजे जमीन. चेंडू वर चाललेला दिसतो तेव्हाही तो पडतच असतो. हातातून नुसता सोडलेला चेंडू जितका पडेल, नेमका तितकाच. फेकण्याच्या जोराने ‘पडणे’ थांबत नाही. जोर फक्त दुसऱ्या पदात असतो, तिसऱ्या पदाला त्याचा पत्ताही नसतो.

पडण्याचे आकडे पाहा: ४.९, १९.६, ४४.१. हे १, ४, ९ या प्रमाणात आहेत. प्रत्येक सेकंदाचे वेगळे पडणे काढले, तर प्रमाण १, ३, ५ असे येते. ही विषम संख्यांची माळ गॅलिलिओला उतरत्या पन्हळीवरून गोळे घरंगळत सोडताना सापडली होती. आणि तिसऱ्या पदात ९.८ ऐवजी ४.९ का? पहिल्या सेकंदात पडण्याचा वेग शून्यापासून ९.८पर्यंत वाढतो, म्हणून त्या सेकंदातला सरासरी वेग निम्मा. सूत्रातला ‘एक द्वितीयांश’ इथून आलेला आहे.

तिसऱ्या पदाचा सहगुणक फेकणाऱ्याविषयी काहीच सांगत नाही, तो ग्रहाविषयी सांगतो. १९७२च्या एप्रिलमध्ये अपोलो १६ मोहिमेचे प्रमुख जॉन यंग यांनी चंद्रावर ध्वजाला सलाम करत उडी मारली. चित्रफितीवरून मोजले, तर त्यांचे पाय सुमारे १.४५ सेकंद अधांतरी होते. चंद्रावर गुरुत्वीय त्वरण १.६२, म्हणजे आपल्या समीकरणात ४.९च्या जागी ०.८१ येणार. उडी चंद्रभूमीवर सुरू होऊन तिथेच संपली, म्हणून एक मूळ शून्य आणि दुसरे १.४५. त्यावरून सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे १.१७ मीटर आणि सर्वाधिक उंची साधारण ४२ सेंटिमीटर निघते. इतकी उंच उडी पृथ्वीवरही बरेच जण मारतात, पण इथे ती ०.६ सेकंदाच्या आतच संपते. जो संथपणा पाहून आपण थक्क होतो, तो सगळा त्या एका सहगुणकात आहे. फोन हाताशी असेल, तर हेच गणित घरातल्या मुलाच्या उडीवर करून पाहता येईल. पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ चित्रफितीवर मोजा, उंची न मोजता मिळेल.

आता गच्चीकडे. समीकरण पूर्ण वर्गाच्या रूपात मांडले की ते असे दिसते: उ = १९.६ − ४.९(क − १)². कंसाचा वर्ग शून्याच्या खाली जात नाही, म्हणून उंची १९.६च्या वर जात नाही, आणि ती तिथे पोहोचते बरोबर एका सेकंदाला. शिवाय क = १च्या अलीकडे-पलीकडे सारख्याच अंतरावरच्या दोन क्षणांना उंची सारखीच असते. वर जाताना चेंडूने जे केले, तेच तो खाली येताना उलट क्रमाने करतो.

शेजारच्या इमारतीत जमिनीपासून साधारण १८.४ मीटर उंचीवर एक खिडकी आहे असे समजा. डावीकडे १८.४ ठेवले की मुळे येतात साधारण ०.५ आणि १.५. खिडकीतल्या माणसाला चेंडू दोनदा दिसतो, एकदा वर जाताना, एकदा उतरताना. दोन्ही मुळे खरी, कुठलेही खोडायचे कारण नाही. खिडकी १९.६ मीटरवर असेल, तर दोन्ही मुळे एकच होतात. चेंडू तिथे क्षणभर टेकून फिरतो. आणि खिडकी २० मीटरवर असेल, तर विवेचक ऋण येतो, वास्तव मूळच मिळत नाही. विवेचक म्हणजे पाठ करायची एक राशी एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. इथे तो एका साध्या प्रश्नाचे उत्तर देतो: चेंडू तिथवर पोहोचतो का?

आणि −१? गच्चीवरचा माणूस क्षणभर विसरा. समीकरणाला तो माहीतच नाही. त्याला एवढेच ठाऊक आहे की शून्य सेकंदाला एक चेंडू १४.७ मीटरवरून ९.८ वेगाने वर चालला होता. हा चेंडू हातातून न सुटता खालूनच आला असता तर? तो जमिनीवरून केव्हा निघाला असता? उत्तर: एक सेकंद आधी. पडताळा घेऊ. त्या क्षणी वेग ९.८ अधिक आणखी ९.८, म्हणजे १९.६ असायला हवा. जमिनीवरून १९.६ वेगाने वर फेकलेला चेंडू एका सेकंदात १९.६ वजा ४.९, म्हणजे १४.७ मीटरवर येतो. गच्चीची उंची अगदी तीच! आणि तिथे त्याचा वेग उरतो ९.८. अंगणातून कुणी असा चेंडू फेकला असता आणि आपण तो फक्त गच्चीच्या कठड्यापासून पुढे पाहिला असता, तर दोन चेंडूंत काही फरक सांगता आला नसता. −१ हा त्या अंगणातल्या चेंडूचा निघण्याचा क्षण आहे.

एवढ्यावरच ते थांबत नाही. आता त्याच गच्चीवरून, तेवढ्याच वेगाने, चेंडू सरळ खाली फेकू. दुसऱ्या पदाचे चिन्ह बदलते: उ = १४.७ − ९.८क − ४.९क². मुळे निघतात १ आणि −३. आधीच्या गणितातली मुळेच चिन्हे बदलून आली! खाली फेकलेला चेंडू एका सेकंदात जमिनीवर येतो. पहिल्या गणितात ज्याला आपण त्याज्य म्हटले, तेच, फक्त उणे चिन्ह गळून, दुसऱ्या गणिताचे खरे उत्तर झाले. आणि दोन्ही चेंडू जमिनीवर आदळतात तो वेगही सारखाच, सेकंदाला १९.६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे सत्तर किलोमीटर. वर फेकलेला चेंडू परतताना गच्चीच्या पातळीवर ९.८ वेगानेच खाली येत असतो; तिथून पुढे त्याचा प्रवास खाली फेकलेल्या चेंडूचाच असतो. म्हणजे −१ खोडणाऱ्याने एका फटक्यात दोन प्रश्नांची उत्तरे खोडली.

मग मुळे टाकायचीच नाहीत का? टाकायची, पण कशामुळे टाकतो ते पाहून. याबाबत भास्कराचार्यांइतका चांगला शिक्षक मला दुसरा दिसत नाही. त्यांच्या बीजगणितात माकडांची दोन गणिते आहेत. पहिल्यात कळपाच्या एक अष्टमांशाच्या वर्गाइतकी माकडे वनात खेळत आहेत आणि बारा टेकडीवर आहेत, कळप किती? उत्तरे दोन, ४८ आणि १६. अठ्ठेचाळीसचा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२. सोळाचा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२. दोन्ही जुळतात आणि भास्कराचार्य दोन्ही स्वीकारतात. दुसऱ्या गणितात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे उरते, त्याच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते आहे. इथेही मुळे दोन, ५० आणि ५. पण पाचाचा पाचवा भाग १, त्यातून तीन गेले तर उणे दोन. वर्ग केला की चार होतात, समीकरण निमूट मान्य करते. पण उणे दोन माकडे कुणी पाहिली आहेत? भास्कराचार्य हे दुसरे उत्तर नाकारतात आणि कारणही देतात: प्रत्यक्ष वस्तूंची ऋण संख्या लोकांना पटत नाही.

ही दोन गणिते पाठोपाठ ठेवण्यात एका मोठ्या शिक्षकाची नजर आहे. दोन मुळे आली म्हणून दोन्ही घेऊ नका, आणि एक गैरसोयीचे दिसते म्हणून झटकूनही टाकू नका. प्रश्न ज्या वस्तूंचा आहे त्या वस्तूंकडे परत जा आणि विचारा. दुसऱ्या गणितात टाकलेले मूळ ५ आहे, म्हणजे धन आहे, हेही पाहण्यासारखे आहे. चिन्ह पाहून टाकणाऱ्याला ते सापडलेच नसते. माकडे ऋण नसतात, घड्याळ ऋण असते.

भास्कराचार्यांचा जन्म १११४चा, त्यांचा ग्रंथ सिद्धान्तशिरोमणी ११५०चा. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे मिळाला, आणि तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला.

भास्कराचार्यांच्याच लीलावतीत बाणांचे एक वर्गसमीकरण आहे. कर्णाशी लढताना अर्जुनाने निम्मे बाण कर्णाचे बाण तोडायला वापरले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट घोड्यांवर, सहा शल्यावर, तीन छत्र, ध्वज आणि धनुष्यावर, आणि एकाने शिरच्छेद केला. उत्तर १०० बाण. वर्गसमीकरण आहे, बाणही आहेत; पण समीकरण बाणांच्या संख्येचे आहे. बाण हवेतून ज्या वाटेने जातो, ती वाटही वर्गसमीकरणाचीच आहे, हे कळायला आणखी जवळजवळ पाचशे वर्षे लागली.

ते गॅलिलिओने दाखवले. फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री इथे नजरकैदेत असताना, दृष्टी जात असताना त्याने आपला शेवटचा मोठा ग्रंथ पुरा केला, आणि तो १६३८मध्ये हॉलंडमधल्या लायडन शहरात छापला गेला. त्यातल्या चौथ्या दिवसाच्या संवादात फेकलेल्या वस्तूची वाट अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, असते हे सिद्ध केले आहे. आडवी गती आणि उभी गती एकमेकींच्या आड येत नाहीत, हे त्यातले खरे धाडस. आडवी गती एकसारखी चालते, उभी गती पडण्याच्या नियमाने बदलते. त्याआधी तार्तालियाने १५३७च्या पुस्तकात तोफगोळा सर्वांत दूर ४५ अंशांवर जातो हे बरोबर सांगितले होते, पण गोळ्याची वाट त्याने सरळ रेषा, मग कंस, मग पुन्हा सरळ रेषा अशी रंगवली होती.

गॅलिलिओच्या पुस्तकात मात्र आपले समीकरण शोधून सापडणार नाही. तो सगळे प्रमाणांच्या आणि भूमितीच्या भाषेत लिहितो. वक्ररेषेला समीकरणाने लिहिण्याची रीत देकार्तच्या भूमितीत आली, आणि ते पुस्तक १६३७मध्ये छापले गेले, त्याच लायडनमध्ये! एकाच गावातून वर्षभराच्या अंतराने निघालेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की आपली पाठ्यपुस्तकातली ओळ तयार होते.

इथे एक गफलत टाळली पाहिजे, कारण ती फार हुशार मुलांचीही होते. गच्चीवरचा चेंडू सरळ वर गेला आणि सरळ खाली आला. त्याची वाट एक उभी रेषा आहे. आलेखावर दिसणारा पॅराबोला हा उंची आणि काळ यांचा आहे, चेंडूने हवेत काढलेली वाट नव्हे. चेंडू तिरका फेकला तरच हवेतही पॅराबोला दिसतो, आणि तो दिसण्याचे कारण आडवे अंतर काळाच्या प्रमाणात वाढते हे आहे. काळाचा आलेख जणू जमिनीवर पसरला जातो. डोळ्यांनी पाहायचे असेल, तर एक गुळगुळीत फळी तिरपी ठेवा, तिच्यावर कागद लावा आणि शाईत बुडवलेली गोटी एका कडेने आडवी-तिरकी सोडा. उतारामुळे गुरुत्वाकर्षणाचा जोर कमी झालेला असतो, सगळे संथ होते आणि कागदावर वाट उमटते. धातूच्या तिरप्या आरशावर गोळा घरंगळवून पॅराबोला काढायची युक्ती गॅलिलिओनेही सांगितली आहे.

तिरक्या फेकीत आणखी एक वर्गसमीकरण दडलेले असते. तोफेचा वेग ठरलेला आहे, लक्ष्यही ठरलेले आहे, अज्ञात आहे तो कोन. कोनाचे टॅन गुणोत्तर अज्ञात धरले की वर्गसमीकरण मिळते, म्हणजे कोन दोन. सपाट जमिनीवर ३० आणि ६० अंशांचे गोळे एकाच जागी पडतात. एक सपाट जातो, दुसरा उंच चढून डोक्यावर उतरतो. इथे दोन्ही मुळे इतकी खरी आहेत की त्यांच्यासाठी वेगवेगळी शस्त्रे घडवली गेली. लांब नळीची तोफ तट फोडते, उखळी तोफ तटावरून आत मारा करते. १८१८च्या मे महिन्यात रायगड पडला तो इंग्रजांच्या उखळी तोफांच्या माऱ्याने, म्हणजे मोठ्या मुळाने. विवेचक शून्य झाला की लक्ष्य माऱ्याच्या अगदी कडेवर असते, ऋण झाला की ते माऱ्याबाहेर.

खऱ्या तोफांच्या बाबतीत मात्र हवा आडवी येते. १७४२मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने लोंबत्या ठोकळ्यात गोळी मारून तिचा वेग मोजला आणि दाखवून दिले की पॅराबोलाच्या हिशेबाने जी बंदुकीची गोळी सत्तावीस किलोमीटर जायला हवी, ती प्रत्यक्षात किलोमीटरभरही जात नाही. वेग जसा वाढतो, तसा हवेचा विरोध वाढतो आणि आपले तीन पदांचे समीकरण निकामी होते. गॅलिलिओला ही शंका होती. संवादातल्या सिंप्लिचिओ या पात्राच्या तोंडी त्याने ती घातलीही आहे. बॅडमिंटनच्या फुलाला हे समीकरण लावू नये. भाल्यालाही नको, तो हवेवर तरंगतो.

गोळाफेकीला मात्र ते छान लागू पडते. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, वेग सेकंदाला चौदा मीटरच्या आसपास. हवेमुळे पडणारा फरक वीतभरही नसतो. रायन क्राउझरचा २०२३चा विश्वविक्रम २३.५६ मीटरचा आहे. समजा, गोळा जमिनीपासून २.१ मीटर उंचीवरून, ४५ अंशांच्या कोनात, १४ मीटर वेगाने सुटला. आडव्या अंतराला ‘क्ष’ म्हटले तर

उ = २.१ + क्ष − ०.०५क्ष²

मुळे २१.९२ आणि −१.९२. गोळा २१.९२ मीटरवर पडला. दुसरे मूळ खेळाडूच्या मागे, १.९२ मीटरवर आहे. त्या जागेवरून, जमिनीलगत, थोड्या अधिक वेगाने आणि थोड्या अधिक उभ्या कोनात सुटलेला गोळा याच वाटेने आला असता. गोळा जमिनीच्या वरून सुटत असल्यामुळे ४५ अंश हा इथे सर्वोत्तम कोनही राहत नाही. या आकड्यांना तो ४२ अंशांच्या थोडा वर येतो आणि फेक सुमारे आठ सेंटिमीटरने वाढते. प्रत्यक्षात खेळाडू त्याहूनही सपाट, चाळिशीच्या खाली फेकतात, कारण उभ्या दिशेपेक्षा आडव्या दिशेला शरीर अधिक वेग देऊ शकते.

आता दोन्ही मुळांची बेरीज करा: २१.९२ वजा १.९२, बरोबर २०. आणि हाच गोळा त्याच वेगाने, त्याच कोनात, पण थेट जमिनीच्या पातळीवरून सुटला असता, तर किती लांब गेला असता? समीकरणातले २.१ काढून टाका. उरते क्ष − ०.०५क्ष² = ०, म्हणजे २० मीटर. उंचीवरून फेकल्यामुळे खेळाडूला जे जास्तीचे अंतर मिळाले, ते १.९२ मीटर, म्हणजे ऋण मुळाएवढेच.